वार्षिक प्रदर्शन कुणासाठी भरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात विद्यापीठ स्तरावर चित्रकला शिकवणारे एक तरुण सर विचारतात : ‘यंदाचं विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. मुलं साठेक, हॉल एक, दिवस चार, पैसे जेमतेम. मागच्या वर्षी उद्घाटनाला गर्दी झाली आणि पुढचे तीन दिवस हॉल रिकामा राहिला. कामं कशी निवडायची, मांडायची कशी, विकायला ठेवायची का, बक्षिसं द्यायची का?’

सर, मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. लहान-मोठी धरून विद्यार्थ्यांची पंचवीसेक प्रदर्शनं माझ्या हातून उभी राहिली, बरीचशी सोलापुरातच. सुरुवातीची काही वर्षं मी प्रदर्शन मांडायचे ते उद्घाटनासाठी. फीत, समई, हार, पाहुणे कोणत्या बाजूनं फिरणार, फोटोत कोणती भिंत येणार, सगळी धावपळ त्या पाऊण तासाची. पाहुण्यांची गाडी गेली की मुलंही पांगायची. तुमच्याकडे मागच्या वर्षी तेच झालेलं दिसतं. माझा विचार बदलला तो एका बाईंमुळे, म्हणून आधी त्यांची गोष्ट सांगते.

तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं विडी वळणाऱ्या बायकांचं वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळा कोरून घेतलेलं छापचित्र, केलं होतं. पूर्व भागातलं घर, दारात चौघीजणी बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, हातात कात्री. छाप सुरेख उतरला होता. काळा रंग एकसारखा बसलेला, कोरलेली रेष कुठंही अडखळलेली नाही. वर्गात आम्ही तिला भरपूर गुण दिले होते, प्रदर्शनाच्या परीक्षकांनी बक्षीस दिलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास तिची आई आली. दिवसभर विड्या वळून, माल पोचवून, मग आलेली. मुलीनं तिला बोलावलंच नव्हतं, शेजारच्या कुणीतरी सांगितलं म्हणून ती शोधत आली. हॉलची वेळ खरं तर सहापर्यंतची. आम्ही दोघी-तिघी हिशेब करत बसलो होतो म्हणून दार उघडं होतं. बाई त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, ‘मॅडम, ह्या सगळ्याजणी डावऱ्या हैत काय?’

ठोकळ्यावर जे कोराल ते कागदावर उलटं उमटतं. मुलीनं रेखाटन ठोकळ्यावर सरळच उतरवलं होतं, त्यामुळे छापात चौघींच्याही कात्र्या डाव्या हातात गेल्या. हा धडा मी दर वर्षी पहिल्या तासाला शिकवत होते. तरी मला, माझ्या सहकाऱ्यांना, परीक्षकांना, कुणालाच ते दिसलं नव्हतं. आम्ही कोरीवकाम तपासत बसलो होतो. त्या बाईंनी आधी बायकांचे हात बघितले. मुलीनं नंतर ट्रेसिंग पेपरवर रेखाटन उलटं करून नवा ठोकळा कोरला, आणि तो पहिल्याहून कितीतरी चांगला झाला, कारण या वेळी कोरण्याआधी ती चार संध्याकाळी आईशेजारी बसून हात बघत होती.

तेव्हापासून प्रदर्शनाचा कुठलाही निर्णय घेताना मी एकच विचारते : पत्रिका न मिळालेला माणूस, दिवसभराचं काम आटपून, आपल्या आपण दारात आला तर त्याला काय मिळेल? तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं मी याच एका प्रश्नातून देणार आहे.

वेळ आधी ठरवा. अकरा ते सहा ही कचेरीची वेळ झाली, त्या वेळात मोकळी असणारी माणसं गावात फार थोडी. दुपारी तीन ते रात्री नऊ ठेवा. सकाळचे दोन तास शाळांना द्या, विशेषतः एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना. ग्रेड परीक्षेच्या वस्तुचित्रापुढे चित्रकलेत काय असतं, हे त्यांना दुसरीकडे कुठं बघायला मिळणार? चार दिवसांत एक रविवार हवाच. शिवाय तुमच्या भागातल्या यंत्रमाग कारखान्यांची साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते ते विचारून तो दिवसही साधा. तारीख फेब्रुवारीतली उत्तम. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा शहर तिकडे असतं आणि तुमची निम्मी मुलंही तिकडेच असतात. त्यांनी तिथंच असावं, स्केचबुक घेऊन. एप्रिलवर ढकलू नका. परीक्षा तोंडावर येतात आणि आपल्याकडचं ऊन चिकटवलेलं सगळं सोडवतं. दुहेरी टेपवर टांगलेली आठ चित्रं मी एका दुपारी फरशीवर गोळा केलेली आहेत.

जागेबद्दल. हॉल मिळालाय तो घ्या. पण जमलं तर निवडक बारा कामांचा एक छोटा संच वेगळा काढा आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तो अशोक चौकाच्या बाजूला, विणकरांच्या वस्तीत, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये किंवा समाजाच्या मंगल कार्यालयात दोन संध्याकाळी लावा. आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात, १९१५ साली जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत होते. त्यांचं ते काम बघणारे सगळे रस्त्यावरचे, कामाला निघालेले लोक. आपल्या मुलांचं काम अशा डोळ्यांखालून एकदा तरी जायला हवं.

आणि त्या भागातल्या लोकांना ‘चित्रातलं काय कळणार’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. जकार्डच्या चादरीची नक्षी आधी ग्राफवर चौकोन भरून काढली जाते, त्या चौकोनांवरून कार्डांना भोकं पाडली जातात, आणि कोणता उभा धागा उचलायचा ते त्या भोकांवर ठरतं. हे काम केलेला माणूस चित्र चौकोना-चौकोनानं वाचतो. हातमागावर माणसांचे हुबेहूब चेहरे विणलेली वॉल हँगिंग्ज याच गावात होतात. रंगाच्या दोन छटांमधला फरक आपल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांपेक्षा त्या विणकरांना लवकर कळतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं निळ्या-हिरव्या पट्ट्यांचं मोठं अमूर्त चित्र लावलं होतं. पंचे विणणाऱ्या एका काकांनी लांबूनच सांगितलं की तिसऱ्या पट्ट्याचा लॉट वेगळा आहे. खरंच, मधेच रंगाची ट्यूब संपल्यामुळे त्यानं दुसऱ्या कंपनीची वापरली होती.

आता निवड. इथं मी आकडेमोडीपासून सुरुवात करते, कारण भिंत किती आहे ते माहीत नसताना केलेली निवड शेवटच्या रात्री मोडते. टेप घेऊन हॉल मोजा. समजा हॉल ६० बाय ४० फूट आहे. चारी भिंती मिळून २०० फूट. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, स्टेज वजा जाता १५० फूट हाती राहिले. एक काम सरासरी दोन फूट रुंद आणि दोन कामांमध्ये दीड फूट मोकळी जागा धरली तर कामामागे साडेतीन फूट, म्हणजे साधारण ४२ कामं. मंडपवाल्याकडून ८ बाय ४ च्या प्लायवूडच्या दहा पाट्या उभ्या केल्या तर दोन्ही बाजूंनी वीस जागा. चार फुटी पाटीवर एका बाजूला एकच काम, दुसरं घुसवायचं नाही. झाली ६२ कामं. तुमची मुलं साठ. म्हणजे प्रत्येकाचं एक, आणि दोन जागा मोठ्या आकाराच्या कामांसाठी राखून. शिल्पं असतील तर ती हॉलच्या मध्यात, चारी बाजूंनी फिरता येईल अशी.

प्रत्येकाचं एक काम लागलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. वार्षिक प्रदर्शन म्हणजे विभागाची गुणवत्ता यादी नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला आपलं काम भिंतीवर, प्रकाशात, अनोळखी माणसांच्या घोळक्यात बघायला मिळणं हा त्याच्या शिक्षणाचा भाग आहे. तो त्याला नाकारायचा अधिकार आपल्याला नाही. पण कोणतं काम, ते मात्र त्याच्या शेजारी बसून ठरवा. मुलं नेहमी सर्वांत मोठं आणि सर्वांत जास्त तास खाल्लेलं काम पुढे करतात. त्यांचं खरं काम कधीकधी पोर्टफोलिओच्या तळाशी असतं. त्याला पाच कामं जमिनीवर मांडायला सांगा, दहा मिनिटं तुम्ही काही बोलू नका, मग विचारा की यातलं तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही जमलं नसतं असं कोणतं. बहुतेक वेळा मूल बरोबर उत्तर देतं. तुमचं मत वेगळं पडलं तरी शेवटचा शब्द त्याचा राहू द्या.

उरलेल्या कामांसाठी एक युक्ती. दाराजवळ दोन लांब टेबलं लावा आणि सगळ्यांची स्केचबुकं त्यावर ठेवा, प्रत्येकाला सुतळीनं टेबलाच्या पायाशी बांधून. ‘हात लावून बघा’ अशी पाटी लावा. एसटी स्टँडवर, मंगळवार बाजारात, कंबर तलावावर बसून काढलेली रेखाटनं लोक अर्धा-अर्धा तास चाळतात. आपला चौक, आपली टपरी, आपला फळवाला ओळखू आला की माणूस मोकळा होतो आणि मग भिंतीवरच्या अवघड चित्रापुढे बिनधास्त उभा राहतो.

मांडणीवर मी जास्त लिहिणार आहे, कारण ती कुणी शिकवत नाही. चार-चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेल्या मुलांना खिळा किती उंचीवर ठोकायचा ते माहीत नसतं.

पहिला नियम : टांगायचं काम मुलांनीच करायचं. मंडपवाल्यांकडून फक्त पाट्या घ्यायच्या. ते बिचारे प्रेमानं सॅटीनच्या झालरी, गोंडे लावून देतात. आधीच सांगून ठेवा की झालर नको, साधा प्लाय हवा. त्याला पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात आदल्या दिवशी द्या, म्हणजे वासही जातो. पाटीच्या पायांवर वाळूची छोटी पोती टाका. आपल्याकडे पंखे चालू राहणारच, आणि आठ फुटी प्लाय वाऱ्यानं हलतो.

एक पूर्ण दिवस काहीही टांगू नका. सगळी कामं ज्या भिंतीवर जाणार तिच्या पायथ्याशी टेकवून ठेवा आणि हलवत राहा. कुणाशेजारी कोण बसतो ते या दिवशी ठरतं. लालभडक मोठ्या कॅनव्हासशेजारी पेन्सिलचं हळवं रेखाटन लावलं तर ते मरतं. तेच रेखाटन एकट्या अरुंद पाटीवर लावलं तर लोक जवळ जाऊन श्वास रोखून बघतात. वर्षावार किंवा माध्यमावार भिंती करू नका. तसं केलं की प्रदर्शन परीक्षेच्या निकालासारखं दिसायला लागतं. विषयांनी, रंगांनी, कधी नुसत्या रेषेच्या दिशेनं कामं एकमेकांशी बोलतात. पहिल्या वर्षाच्या मुलीचा मातीच्या माठांचा अभ्यास शेवटच्या वर्षाच्या मुलाच्या गाठोडी घेऊन बसलेल्या माणसांशेजारी लावून बघा. दारातून आत आल्यावर समोर काय दिसतं, त्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. तिथं मोठं काम हवंच असं नाही. बघणाऱ्याला दोन पावलं आत ओढील असं हवं.

टांगताना चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होतो. त्यापेक्षा मध्य एका रेषेत आणा. जमिनीपासून ५८ इंचांवर सगळ्या भिंतींना दोरीनं हलकी रेष आखून घ्या. उभ्या माणसाच्या नजरेला ही उंची बसते. मग प्रत्येक चित्रासाठी हिशेब : ५८ अधिक चित्राच्या उंचीचा निम्मा भाग, वजा मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं. चित्र ३० इंच उंच आणि तार ४ इंच खाली, तर ५८ अधिक १५ वजा ४, म्हणजे खिळा ६९ इंचांवर. हे एकदा फळ्यावर लिहून दिलं की मुलं झपाझप करतात. चौघांची टोळी करा : एक मोजणारा, एक ठोकणारा, एक धरणारा आणि एक लांब उभा राहून बघणारा. दर पाच चित्रांनंतर कामं बदलायची, म्हणजे लांबून बघायची पाळी प्रत्येकाला येते. पाणसळ आणि ओळंबा जवळ हवेतच. फरशीला किंवा छताला समांतर लावायला जाऊ नका, कित्येक जुन्या हॉलची फरशी उतरती असते. जड फ्रेमला एका खिळ्याऐवजी दोन, म्हणजे ती तिरकी होत नाही. काँक्रीटच्या भिंतीत खिळा वाकतो, तिथं ड्रिल करून गिट्टी आणि स्क्रू.

कागदावरच्या कामांना मागून सेलोटेप आणि दुहेरी टेप कधीही लावू नका. वर्षा-दोन वर्षांत पिवळे डाग पुढच्या बाजूला उमटतात आणि ते जात नाहीत. वरच्या दोन कोपऱ्यांना पातळ, चिवट कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं चिकटवून काम माउंटबोर्डला, म्हणजे मागच्या जाड पुठ्ठ्याला, लटकवा. ओल्या फडक्यानं त्या नंतर सुटतात. खळ म्हणजे काय हे सोलापुरात समजावून सांगावं लागत नाही. सुताला खळ लावतात तशीच, फक्त पातळ आणि गाळून घेतलेली.

प्रकाशाबद्दल दोनच गोष्टी. ट्यूबलाइटखाली काचेत बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, म्हणून शक्य तिथं एलईडी स्पॉट घ्या, चित्रावर वरून साधारण तीस अंशांच्या तिरकस कोनानं, आणि रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे. सगळ्या हॉलला परवडत नसतील तर काच असलेली सगळी कामं एका भिंतीवर आणा आणि तिथंच लावा. दुसरं, पश्चिमेच्या खिडकीसमोर जलरंग नको. संग्रहालयं जलरंगांना आणि कापडाला ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश पडू देत नाहीत. आपण तेवढं काटेकोर असायची गरज नाही, पण दुपारचं थेट ऊन चार दिवसांतही कच्चा रंग उतरवतं.

चिठ्ठ्या. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर नाव, शीर्षक, माध्यम, साल, मापं (आधी उंची, मग रुंदी), आणि छापचित्र असेल तर एकूण किती प्रतींपैकी कितवी प्रत. एवढं सगळेच लिहितात. मी त्याखाली दोन वाक्यं मागते, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत, आणि त्यावर मी फार अडून बसते. ‘अंतर्मनातील द्वंद्वाचा शोध’ असलं वाक्य आलं की परत पाठवते. एका मुलानं असंच काहीतरी लिहून आणलं होतं. चित्रात रिकामा माग होता. मी विचारलं, हा माग कुणाचा? मग त्यानं लिहिलं : ‘आमच्या घरातला माग काकांनी भंगारात दिला. जिथं तो होता तिथली फरशी अजून वेगळ्या रंगाची आहे.’ ती चिठ्ठी वाचून लोक पुन्हा चित्राकडे वळायचे आणि फरशीचा तो चौकोन शोधायचे. चिठ्ठी मराठीत असू द्या, पण मूल घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलत असेल तर खाली तीच दोन वाक्यं त्या लिपीतही लिहू द्या, त्याच्या हातानं. आपल्या गावात हे नवल नाही. दुकानांच्या पाट्यांवर या भाषा शेजारी-शेजारी नांदतात, आपल्या हॉलमध्येच का नसाव्यात? आजीला वाचता येतं, आणि आजीला वाचता आलं की अख्खं घर येतं.

बक्षिसांबाबत माझं मत कडक आहे. प्रदर्शन सुरू असताना चित्राशेजारी ‘प्रथम क्रमांक’ची चिठ्ठी लावू नका. ती लागली की लोक तीन चित्रं बघतात आणि सत्तावन्न सोडून देतात. मुलांना स्पर्धेत उतरायचं असेल तर त्यासाठी कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग आहे. तिथं पाठवायला मदत करा, अर्ज वेळेत भरून द्या, फोटो नीट काढून द्या. परीक्षक म्हणून ज्यांना बोलावणार होता त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा, हॉल उघडायच्या आधी, आणि मुलांसोबत कामांपुढून फिरवा. प्रत्येक कामापुढे तीन मिनिटं धरली तरी साठ कामांना तीन तास लागतात, म्हणून दोघांना बोलवा आणि मुलांचे दोन गट करा. एका चांगल्या चित्रकारानं तुमच्या कामापुढे उभं राहून तीन मिनिटं फक्त तुमच्याशी बोलणं, हे कुठल्याही स्मृतिचिन्हापेक्षा जास्त दिवस पुरतं.

विक्री करा, पण ज्या मुलाला हवी त्याचीच, आणि शेवटच्या दोन वर्षांपुरती. किंमत ठरवताना साहित्य आणि फ्रेमचा खर्च आधी वेगळा लिहायला लावा. मुलं तो विसरतात आणि फ्रेमच्या पैशात चित्र देऊन टाकतात. एकाच मुलाच्या सारख्या आकाराच्या कामांची किंमत सारखीच हवी. विकलेल्या कामाला लाल ठिपका लावा, पण काम शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहील हे घेणाऱ्याला आधीच सांगा. पावती द्या. आणि मुलांना एक गोष्ट नक्की शिकवा : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं म्हणून त्यावरचा कॉपीराइट विकला जात नाही, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. विभागाच्या माहितीपत्रकावर विद्यार्थ्याचं चित्र छापायचं असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या आणि त्याचं नाव छापा. मुलांचं काम नाव न देता पोस्टरवर वापरलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय, आणि दर वेळी मला त्याचा राग आलाय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आक्षेपांचं सांगायलाच हवं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवरून बाहेरच्या लोकांनी आत येऊन गोंधळ घातला, विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित केलं गेलं. इतकं टोक सहसा गाठलं जात नाही. आपल्याकडे होतं ते याहून मुकाट. मी एका ठिकाणी असताना उद्घाटनाच्या आदल्या रात्री वरच्या कुणीतरी एका मुलीचं न्यूड लाइफ स्टडीचं, म्हणजे समोरच्या विवस्त्र मॉडेलवरून केलेलं, रेखाटन परस्पर उतरवलं. सकाळी ती आली तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता आणि खाली तिच्या नावाची चिठ्ठी. मी त्या दिवशी वाद घातला नाही, पाहुणे दारात होते. ती मुलगी नंतर चार महिने माणसाचं शरीर काढत नव्हती. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

तेव्हापासून मांडणी झाली की विभागप्रमुखांना मी स्वतः सगळ्या कामांपुढून फिरवते, शंका असेल ती तिथंच बोलायला लावते आणि लावलेल्या कामांच्या यादीवर त्यांची सही घेते. त्यानंतर कुठलंही काम उतरवायचं असेल तर आधी त्या विद्यार्थ्याला समोर बसवून कारण सांगायचं, असं लेखी ठरवून घेते. लाइफ स्टडीच्या भिंतीशेजारी मी एक छोटा मजकूर लावते : शरीराचा अभ्यास का करतात, हाडं आणि स्नायू कळल्याशिवाय नऊवारीची चुणीसुद्धा बरोबर पडत नाही, वगैरे. त्या भिंतीपाशी शेवटच्या वर्षाचं एक मूल कायम उभं ठेवते. कुरकुरत आलेल्या कितीतरी लोकांशी त्या मुलांनी शांतपणे बोलून घेतलेलं मी ऐकलंय.

प्रसिद्धीसाठी फ्लेक्स नको. तीन भाषांतली साधी पत्रकं, आणि प्रत्येक मुलानं पाच माणसं आणायची, त्यांची नावं आधी लिहून द्यायची. त्यांतला किमान एक असा हवा, ज्यानं आजवर चित्रप्रदर्शन पाहिलेलं नाही. साठ पंचे तीनशे. उद्घाटन वीस मिनिटांत उरका. आम्ही एकदा समई लावायला फ्रेम करून देणाऱ्या सुतारांना बोलावलं होतं. त्यांनी समई लावली आणि मग एकेक फ्रेम हातानं चाचपत तासभर हॉल बघितला.

अभिप्रायांची एकच जाड वही ठेवली की ‘खूप छान, शुभेच्छा’ याची पानं भरतात. त्याऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवा, आणि ज्या चित्राबद्दल लिहायचं त्याचा क्रमांक टाकायला सांगा. लिहिता न येणाऱ्यांचं बोलणं शेजारी उभ्या मुलानं लिहून घ्यायचं, त्यांच्याच शब्दांत. शेवटच्या संध्याकाळी चिठ्ठ्या ज्याच्या त्याला वाटून टाका.

आणि उतरवण्याचा दिवस आधीच वेळापत्रकात धरा, तो कुणी धरत नाही. ज्या टोळ्यांनी लावलं त्यांनीच उतरवायचं. प्रत्येक काम बबल रॅपमध्ये, चित्राची बाजू चित्राच्या बाजूला लागेल असं, आणि वहीत सही घेऊन परत. विकलेली कामं घेणाऱ्याच्या घरी त्या मुलानं स्वतः पोचवावीत, जमलं तर टांगूनही द्यावीत, ५८ इंचांचा हिशेब आता त्याला येतोच. भिंतीची भोकं लांबीनं (पुट्टीनं) भरून, पॉलिश पेपर मारून रंगाचा हात द्या, म्हणजे पुढच्या वर्षी हॉल मागताना कुणी नाही म्हणणार नाही. त्याच्या आधी मात्र, उद्याच, टेप घेऊन जा आणि हॉल मोजून या. दारं-खिडक्या-स्विचबोर्ड दाखवून नकाशा काढलात तर मला पाठवा, समोरच्या भिंतीचं काय करायचं ते आपण बसून ठरवू.